लेस्टर यंगचा टेनर कसा ऐकावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण कोणाच्या तरी घरी बसून जुनं जॅझ ऐकतो. टेनर सॅक्सोफोनचा विषय निघाला की मी लेस्टर यंग लावतो, आणि मग दोन दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठूनही वाचलंत तरी चालेल. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलंय तिथे क्रमांक दिला आहे.

१. लेस्टर यंग कोण? थोडक्यात सांगा.

जन्म २७ ऑगस्ट १९०९, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात वुडव्हिल गावी. बालपण न्यू ऑर्लिन्सच्या आसपास गेलं, मग वडिलांच्या घरगुती बँडबरोबर गावोगावची भटकंती. आधी तो ड्रम्स वाजवायचा. कार्यक्रम संपल्यावर ड्रम्स आवरेपर्यंत मुली निघून गेलेल्या असायच्या, म्हणून ते सोडले, असं तो स्वतःच सांगायचा. मग आल्टो सॅक्सोफोन आणि शेवटी टेनर. १९३६ पासून काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात त्याचं नाव झालं. गायिका बिली हॉलिडेनं त्याला 'प्रेझ' म्हणजे 'प्रेसिडेंट' केलं आणि त्यानं तिला 'लेडी डे'. १५ मार्च १९५९ रोजी, पॅरिसहून परतल्यावर काही तासांतच, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तो गेला. वय ४९.

२. टेनर म्हणजे नेमका कुठला सॅक्सोफोन?

वाकड्या मानेचा, कमरेपर्यंत येणारा. आल्टोपेक्षा मोठा, बॅरिटोनपेक्षा लहान. त्याची पट्टी साधारण पुरुषाच्या गळ्याच्या आसपास फिरते, म्हणून तो 'बोलतोय' असं वाटतं. शरीर पितळेचं असलं तरी आवाज वेताच्या पातीतून, म्हणजे रीडमधून निघतो, म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते, ट्रम्पेटच्या नाही. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. ऐकण्यासाठी एवढं पुरे.

३. सुरुवात कुठल्या रेकॉर्डपासून करू?

'शू शाइन बॉय', १९३६, शिकागो. यंगचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण-सत्र आणि वय २७. रेकॉर्डवर नाव 'जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड' असं विचित्र आहे, कारण बेसी तेव्हा दुसऱ्या कंपनीशी करारात अडकला होता. मग ड्रमर जो जोन्स आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ यांची नावं पुढे केली. पियानोवर बेसी, बासवर वॉल्टर पेज. बस, पाच माणसं.

आधी पियानो येतो, मग यंग शिरतो आणि सलग ६४ बार वाजवतो (बार म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये). पहिल्यांदा ऐकताना काहीही शोधू नका. दुसऱ्यांदा फक्त तो शिरतो तो क्षण ऐका. दहाव्यांदा ऐकाल तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर गुणगुणत असाल, आणि मला तेवढंच हवं आहे. याच सत्रातलं 'लेडी बी गुड'ही लगेच ऐकून टाका. अनेक जण 'सर्वोत्तम यंग' नावाचा साठ गाण्यांचा संच उघडतात आणि तिसऱ्या गाण्याला कंटाळतात. एक रेकॉर्ड आठवडाभर ऐकणं कधीही बरं. पुढे आल्टोवर नाव काढणारा, तेव्हा विशीच्या आतला चार्ली पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरातल्या एका नोकरीवर गेला तेव्हा यंगच्या रेकॉर्डी बरोबर घेऊन गेला आणि कानानं पाठ करून परतला. त्यानं तरी दुसरं काय केलं?

४. मला सगळं एकसारखंच ऐकू येतं. नेमकं ऐकायचं काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात प्रामाणिकही. आपला कान आधी वेग पकडतो. कोण किती भरभर वाजवतो यावर दाद द्यायची सवय आपल्याला तानांनी लावली आहे. यंगकडे वेग होता, पण त्याचा सगळा डौल वेगाच्या बाहेर आहे.

आधी स्वर सुटतो कसा ते ऐका. बहुतेक वादक स्वर सुरू करताना जोर लावतात. यंग स्वर ठेवतो, जसं काचेचं भांडं ओट्यावर आवाज न करता ठेवावं. आणि सोडतानाही ओढत नाही. त्याच्या स्वराला कंप, म्हणजे व्हायब्रेटो, फार कमी असतो. असलाच तर लांब स्वराच्या शेपटीला, सावकाश. तेवढ्यामुळे स्वराचा मधला भाग स्वच्छ, जवळजवळ कोरडा राहतो. तो कोरडेपणा पहिल्यांदा रुक्ष वाटतो. तीन-चार दिवसांनी इतरांचा कंप जास्त वाटायला लागतो.

मग लय. ड्रम आणि बास घड्याळासारखे चालले आहेत आणि यंग त्यांच्या किंचित मागे रेललेला आहे. उशीर झालेला नाही, तो मुद्दाम मागे टेकून बसला आहे. पायानं ठेका धरा आणि त्याचा स्वर पायाच्या आधी पडतो की नंतर ते पाहा. हे शब्दांत सांगून कळत नाही, पाय हलवल्याशिवाय तर मुळीच नाही. मध्येच तो एकाच स्वरावर तीन-चार ठोके असे देतो की ठेका आडवा झाल्यासारखा वाटतो, आणि आपण सावरेपर्यंत तो जागेवर परतलेला असतो.

आणि तिसरं, जे मला स्वतःला फार उशिरा ऐकू आलं, ते म्हणजे त्याच्या गप्प राहण्याच्या जागा. एक वाक्य बोलून तो थांबतो. पुढचं वाक्य पहिल्याचं उत्तर असतं, किंवा विषयांतर. गाण्याचे आठ-आठ बारांचे कप्पे ठरलेले असतात, पण त्याची वाक्यं कप्प्याच्या भिंतीवरून सहज पलीकडे जातात. दुसरा वादक नवा कप्पा सुरू झाला की नवं वाक्य सुरू करतो. यंगचं वाक्य तेव्हा अर्ध्यात असतं. 'लेस्टर लीप्स इन' (१९३९) मध्ये दुसऱ्या फेरीला साथ मधूनमधून थांबते आणि तो मोकळ्या जागेत एकटा उरतो. वाक्यं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे तिथे इतकं उघडं पडतं की तुम्हाला कागदावर रेघा मारता येतील.

५. कोलमन हॉकिन्सचा आवाज कसा भरदार आहे! यंगचा त्यापुढे पातळ वाटतो. मग यंग थोर कसा?

तुमच्या कानात काही खोट नाही. १९३४ साली हेच मत खुद्द व्यवसायातल्या लोकांचं होतं. हॉकिन्स फ्लेचर हेंडरसनचा ऑर्केस्ट्रा सोडून युरोपला गेला आणि त्याच्या जागी यंगला बोलावलं. टेनर म्हणजे हॉकिन्स असं समीकरण ठरलेलं होतं: रुंद, घोगरा, कंपानं भरलेला आवाज. यंग वाजवू लागला तसे सहकारी म्हणाले, हा तर आल्टोचा आवाज. हेंडरसनच्या पत्नीनं त्याला घरी हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवायला सुरुवात केली, की बाबा, असं वाजव. त्यानं ऐकल्या आणि काही महिन्यांतच नोकरी सोडली. जाताना हेंडरसनकडे त्यानं एवढंच मागितलं, की मला काढलेलं नाही असं पत्र द्या.

फरक नुसता जाड-बारीक असा नाही. हॉकिन्स प्रत्येक कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीच्या) आत शिरून तिच्या पायऱ्या खालीवर चढतो. त्याचं 'बॉडी अँड सोल' (ऑक्टोबर १९३९) हे त्या पद्धतीचं शिखर. यंग कॉर्डवरून आडवा जातो, एक चाल पकडून. अशा आडव्या चालीला जाड आवाज ओझं झाला असता. यंगला तरुणपणी आवडायचा तो फ्रँकी ट्रम्बाउअर, आणि तो टेनर नाही तर टेनर आणि आल्टो यांच्या मधला, सी-मेलडी नावाचा सॅक्सोफोन वाजवायचा. हलका आवाज ही यंगची उणीव नव्हती, निवड होती.

दोन्ही प्रकार एकाच रेकॉर्डवर हवे असतील तर बेसीचं 'वन ओ'क्लॉक जंप' (१९३७) लावा. पियानोनंतर पहिला टेनर येतो तो हर्शेल एव्हन्स, टेक्सासचा, हॉकिन्सच्या घराण्यातला. मग ट्रॉम्बोन. आणि त्यानंतर येतो तो यंग. वाद्य तेच, बँड तोच, दिवसही तोच. ज्यांना 'मला फरक कळत नाही' असं वाटतं त्यांच्यावर मी हाच प्रयोग करतो आणि अजून कोणी चुकलेलं नाही.

६. एकच स्वर तो परत परत वाजवतो आणि दर वेळी आवाज वेगळा येतो. सूर हलतोय का?

नाही, ती करामत आहे. सॅक्सोफोनवर काही स्वर एकाहून जास्त पद्धतींनी बोटं ठेवून काढता येतात. नेहमीच्या पद्धतीनं स्वर उघडा लागतो, दुसऱ्या पद्धतीनं झाकलेला, किंचित घुसमटलेला. यंग दोन्ही आलटून-पालटून वाजवतो. उंची जवळजवळ तीच, पण 'आ' आणि 'ओ' म्हटल्यासारखा रंग बदलतो. गवई एकाच स्वरावर आकार-उकार बदलतो ना, तसंच. झाकलेला स्वर केसभर उतरलेला लागतो, म्हणून तुम्हाला सूर हलल्यासारखा वाटला.

७. मी शास्त्रीय संगीत ऐकणारा. यात सम कुठे असते?

सम शोधू नका, फेरी मोजा. बहुतेक गाणी ३२ बारांची असतात आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. आठ बारांची एक चाल, ती पुन्हा, मग आठ बार वेगळी चाल (तिला 'ब्रिज' म्हणतात), मग पहिली चाल परत. ही एक फेरी म्हणजे एक 'कोरस'. ब्रिज ओळखायला शिकलात की हरवत नाही. तो आपल्या अंतऱ्यासारखा आहे असं मी आधी सांगायचो, पण अंतरा कधी घ्यायचा हे गवई ठरवतो आणि ब्रिज दर फेरीला ठरल्या जागी येतोच, त्यामुळे आता सांगत नाही. ब्लूज (आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा जुना गाण्याचा प्रकार) असेल तर फेरी १२ बारांची.

अपवादही हवा असेल तर यंगचं 'डी. बी. ब्लूज' (१९४५) मोजून बघा. ब्लूजच्या १२ बारांच्या दोन फेऱ्या, मग ८ बारांचा ब्रिज, मग पुन्हा १२. एकूण ४४. पहिल्यांदा मोजताना माझी बोटं दोनदा चुकली होती. नाव असं का, ते प्रश्न १० मध्ये.

तुमच्या कानासाठी एक खूण. यंग षड्जावर घर करत नाही. त्याचा लाडका मुक्काम शुद्ध धैवत. वाक्य 'सा'वर येऊन टेकेल असं वाटतं तेव्हा तो धैवतावर थांबतो, आणि म्हणून ते वाक्य संपूनही उघडं राहतं. एकच सावधानता: इथे तंबोरा नाही. खालची कॉर्ड बदलली की तोच स्वर वेगळ्या नात्यानं ऐकू येतो, म्हणून रागाच्या चलनाचे आडाखे फार ताणू नयेत.

८. बिली हॉलिडेच्या गाण्यांत तिला ऐकायचं की त्याला?

दोघांमधली जागा ऐका. जानेवारी १९३७ मध्ये पियानोवादक टेडी विल्सनच्या सत्रात त्यांनी पहिल्यांदा एकत्र ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं 'धिस इयर्स किसेस' हे गाणं आधी यंग टेनरवर म्हणतो, हो, म्हणतोच, आणि मग ती येते. दोघंही मूळ चालीतले स्वर गाळतात आणि मात्रेच्या मागे राहतात. त्याच वर्षीच्या 'अ सेलबोट इन द मूनलाइट'मध्ये तो तिच्या ओळींच्या मागून वाजवत राहतो. हार्मोनियमची साथ गळ्याची सावली धरून चालते, इथे सावली नाही, शेजार आहे. ती श्वास घेते तिथे तो बोलतो, ती बोलते तिथे तो आवाज खाली घेतो, पण गप्प बसत नाही. मूळ गाणं तसं सामान्य, बाजारू. दोघांनी मिळून त्याचं सोनं केलं.

९. इंग्रजी गाण्यांचे शब्द माहीत असायला हवेत का?

यंगचं मत होतं की वादकाला शब्द माहीत असलेच पाहिजेत, नाहीतर वाजवताना तो काय सांगणार? श्रोत्याला सक्ती नाही. पण संथ गाण्यांचे शब्द एकदा वाचून घ्या. तो कुठे थांबतो याचं कारण पुष्कळदा ओळीत सापडतं. चाल तर तो कित्येकदा वाजवतच नाही. १९४५ च्या 'दीज फूलिश थिंग्ज'मध्ये त्यानं मूळ चाल सुरुवातीपासूनच बाजूला ठेवली आहे, आणि तरी गाणं तेच राहतं.

१०. सैन्यातून परतल्यावर तो संपला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं का?

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यानं फार नुकसान केलंय.

घडलं ते असं. १९४४ च्या शरद ऋतूत त्याला सैन्यात भरती केलं. वर्णभेदानं विभागलेलं सैन्य, आणि हा हळवा, स्वतःच्या भाषेत बोलणारा, दारू-गांजाची सवय असलेला माणूस. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल अलाबामात लष्करी खटला, एक वर्षाची शिक्षा, जॉर्जियातल्या लष्करी कैदखान्यात रवानगी. 'डी. बी.' म्हणजे 'डिटेन्शन बॅरक्स'. त्या कैदेच्या नावानं त्यानं सुटल्यावर जो ब्लूज वाजवला तो चक्क उड्या मारणारा आहे. खचलेला माणूस असं वाजवतो?

आवाज मात्र बदलला. जाड झाला, काळवंडला. १९३६ ची उडती चपळाई कमी झाली, आणि १९५० च्या दशकात दारूनं शरीर पोखरल्यावर काही रेकॉर्डींवर बोटं अडखळतात, श्वास पुरत नाही. त्या रेकॉर्डी मी कोणाला आग्रहानं ऐकवत नाही. पण १९४६ चं पियानोवादक नॅट किंग कोल आणि ड्रमर बडी रिच यांच्याबरोबरचं त्रिकूट ऐका. बास नाहीच, आणि यंग त्या मोकळ्या जागेत ऐटीत फिरतो. आणि जानेवारी १९५६ मध्ये ओळीनं दोन दिवसांत केलेले दोन अल्बम ऐका, 'जॅझ जायंट्स ५६' आणि 'प्रेस अँड टेडी'. पहिल्यात 'धिस इयर्स किसेस' पुन्हा आहे. १९३७ चं आणि १९५६ चं एकामागून एक लावा. पहिल्यात पोरगा गाणं सांगतो. दुसऱ्यात तेच गाणं एकोणीस वर्षं जगलेला माणूस सांगतो, कमी शब्दांत. मला विचाराल तर रात्री अकरानंतर मी दुसरंच लावतो. सकाळी पहिलं.

११. 'फाइन अँड मेलो'चा व्हिडिओ पाहिला आणि मग अल्बम ऐकला. दोन्हीत यंग वेगळं वाजवतो. असं कसं?

कारण ती दोन वेगळी वादनं आहेत. 'द साउंड ऑफ जॅझ' हा सीबीएस टीव्हीचा कार्यक्रम ८ डिसेंबर १९५७ रोजी थेट प्रक्षेपित झाला. त्याच नावाचा अल्बम काही दिवस आधी स्टुडिओत मुद्रित केला होता. लोक ज्याबद्दल बोलतात ते टीव्हीवरचं. बिली गाते आहे, तीन टेनर हजर आहेत: बेन वेब्स्टर, यंग, हॉकिन्स. आधी वेब्स्टर वाजवतो, भरपूर श्वासाचा, दाट. मग प्रकृती ढासळलेला यंग उठतो आणि १२ बारांची एकच फेरी वाजवतो. स्वर इतके थोडे की मोजता येतील. बिलीचा चेहरा पाहा, ती मान हलवते ती दाद कुठल्या मैफलीतही ओळखू येईल. मार्चमध्ये तो गेला त्या वर्षी, १९५९ मध्ये, जुलैत तीही गेली. हे माहीत नसताना आधी एकदा पाहा असं सांगणार होतो, पण आता तुम्ही वाचलंच.

१२. खरखर फार आहे. साफ केलेली आवृत्ती घ्यावी का?

सांभाळून. खरखर काढणारी यंत्रणा बऱ्याचदा तिच्याबरोबर फुंकेची हवाही काढते, आणि यंगचा निम्मा जीव त्या हवेत आहे. सॅक्सोफोन प्लॅस्टिकचा वाटू लागला तर ती आवृत्ती सोडा. हेडफोनपेक्षा खोलीतला एखादा बरा स्पीकर चांगला. बहुतेक सगळं मोनोच आहे, डावं-उजवं काही नाही. आणि वेग कमी करून ऐकू नका. स्वर कळतील, पण रेलणं (प्रश्न ४) हरवेल.

१३. डोळे मिटून यंग ओळखला, पण तो निघाला स्टॅन गेट्झ. आणि एकदा तर पॉल क्विनिशेट. कसं वेगळं करायचं?

लाज वाटून घेऊ नका. १९४० च्या दशकाच्या शेवटी टेनर वाजवणाऱ्या तरुणांची एक अख्खी पिढी यंगसारखी वाजवत होती. १९४७ च्या वूडी हर्मनच्या बँडमध्ये गेट्झ, झूट सिम्स, हर्बी स्टुअर्ड हे तीन टेनर त्याच रंगाचे. क्विनिशेटला तर लोक 'व्हाइस प्रेझ' म्हणायचे, उपाध्यक्ष! तो खरोखर फसवतो.

गेट्झचा स्वर जास्त गुळगुळीत, रेशमी. यंगच्या स्वरात कुठेतरी खडा लागतो. झूट सिम्स पुढे झुकून, आनंदात वाजवतो. क्विनिशेटबाबत माझी एकच युक्ती आहे: पुढचं वाक्य ओळखायचा प्रयत्न करा. ओळखता आलं तर बहुधा क्विनिशेट.

१४. त्यानं क्लॅरिनेटही वाजवलं, हे खरं?

खरं, आणि फार थोडं. १९३८ ची 'कॅन्सस सिटी सिक्स'ची रेकॉर्डिंग्ज शोधा. त्यातल्या 'आय वॉन्ट अ लिटिल गर्ल'वरचं त्याचं क्लॅरिनेट म्हणजे टेनरचाच मनुष्य दुसऱ्या खोलीतून बोलतोय.

१५. आपल्या हिंदी गाण्यांतला सॅक्सोफोन यंगकडूनच आला का?

थेट नाही. मुंबईत जॅझ तीसच्या दशकातच आलं. ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकन-अमेरिकन संगीतकाराचा बँड वाजत होता, पुढे टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याचे वादक त्या वातावरणात तयार झाले आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. पण गाण्यांत सॅक्सोफोनला काम मिळालं ते मुख्यतः लाडिक किंवा मादक जागा भरण्याचं. त्यासाठी कंप हवा, घसरत येणारा स्वर हवा. म्हणजे माझ्या कानाला तरी ते हॉकिन्स-वेब्स्टरच्या बाजूचं वाटतं. मनोहारी सिंगांचं वादन मला जिवापाड आवडतं, पण ते दुसरं घर आहे. जॅझच वाजवणाऱ्या गोवेकरांत ब्राझ गोन्साल्विस जरूर ऐका, त्यांचा कान मात्र यंगच्या पुढच्या पिढ्यांकडे आहे. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा अमेरिकन टेनरवादक सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. ज्यांनी तो ऐकला त्यांच्या शेजारी बसण्याचा योग आला तर सोडू नका.

१६. मी टेनर शिकतोय. त्याच्यासारखा आवाज येण्यासाठी कुठलं माउथपीस घेऊ?

पैसे वाचवा. आवाज माउथपीसपेक्षा ओठ, घसा आणि मनातला स्वर यांतून जास्त येतो. 'लेडी बी गुड'चे पहिले आठ बार आधी गाऊन पाठ करा, वाद्य पेटीतच राहू द्या. बिनचूक गाता आले की मग वाजवा, हळू फुंकेनं पण दम कमी न करता. हळू वाजवायला जोरात वाजवण्याहून जास्त दम लागतो, हे पहिल्याच दिवशी कळेल. कंप पूर्ण बंद ठेवा. प्रश्न ६ मधली बोटांची करामत सगळ्यात शेवटी, नाहीतर तेवढीच येते आणि बाकी काही येत नाही. शेजाऱ्यांची वेळ सांभाळा.

१७. आणि तो सॅक्सोफोन आडवा का धरायचा?

फोटोत दिसतो तसा, बासरीच्या वाटेवर निघाल्यासारखा, तो तीसच्या दशकात धरायचा. पुढे पुढे वाद्य सरळ होत गेलं. आवाजाशी त्याचा संबंध जोडू नका, आणि घरी करून बघू नका. आमच्यातल्या एकानं बघितलं, मान आठवडाभर धरली होती.